जांघेतलं अवधाण

श्रोतेहो, नमस्कार.

माझं आजोळ आगशीला, झुआरीच्या काठी. मे महिन्यात ओहोटी लागली की आम्ही पोरं टोपल्या घेऊन चिखलात उतरायचो, तिसऱ्या काढायला. एकदा खडकाला चिकटलेल्या कालवाची कड माझ्या टाचेत शिरली. आजीने हळद दाबली, फडकं बांधलं आणि टोपली तेवढी हातातून काढून घेतली. दोन-तीन दिवसांनी मी लंगडायला लागले. आजीने टाचेकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ जांघेत बोट दाबलं, मी किंचाळले, आणि ती म्हणाली, "अवधाण आलंय."

सुपारीएवढी गाठ होती. कापली टाच, मग दुखते जांघ, हे काय? आजी म्हणाली, "पायाचं सगळं तिथंच जातं." पुढे तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्ताच्या काचपट्ट्या बघण्यात गेली, आणि आजीचं ते उत्तर किती अचूक होतं ते हळूहळू कळत गेलं. त्या गाठीत काय चाललेलं असतं, ते आज सांगते. पण त्यासाठी आधी छातीत डोकवावं लागेल.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला, थायमस नावाची मऊ, दोन पाळ्यांची ग्रंथी असते. मराठी परिभाषेत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात. मला हे नाव मूळ नावाहून आवडतं, कारण तिची सगळी कुंडली त्यात आली. तान्ह्या बाळात ती शरीराच्या मानाने चांगली मोठी असते, वयात येईपर्यंत तिचं काम जोरात चालतं, मग ती आटत जाते आणि तिथे चरबी भरते. माझ्या वयाला तर चरबीच जास्त.

ही ग्रंथी करते काय, हे फार उशिरापर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. नुसतं अज्ञान असतं तर चाललं असतं. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांची समजूत अशी होती, की काही बाळांची थायमस प्रमाणाबाहेर मोठी असते आणि त्यामुळे श्वास कोंडून ती दगावतात. म्हणून धडधाकट बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ती आकसवायचे. मुळात प्रमाणच चुकलं होतं. शवविच्छेदनाच्या टेबलावर यायची ती बहुतेक गरिबांची प्रेतं, उपासमारीने नाहीतर लांबलेल्या आजाराने गेलेल्यांची, आणि अशा हालअपेष्टांत थायमस सुकते. सुकलेली थायमस नेहमीची ठरली आणि खरी निरोगी थायमस रोगट. क्ष-किरण घेतलेल्या त्या बाळांपैकी काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. प्रयोगशाळेत "नॉर्मल" असा शिक्का मारताना मला ही गोष्ट हटकून आठवायची.

1961 साली लंडनमध्ये जॅक मिलर नावाचा तिशीचा संशोधक उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होता. मोठ्या उंदराची थायमस काढली तर फारसं काही बिघडत नाही, हे माहीत होतं. मिलरने ती नुकत्याच जन्मलेल्या पिलांची काढली. पिलं काही आठवडे बरी दिसली, मग खंगली आणि जंतुसंसर्गाने मरायला लागली. त्यांच्या अंगावर परक्या वाणाच्या उंदराची कातडी लावली तर ती झडली नाही, धरली, तिच्यावर केससुद्धा उगवले. आपलं आणि परकं हा भेदच त्या पिलांना उरला नव्हता. थायमसमधून जाणाऱ्या ज्या पेशी हा भेद करतात, त्यांना पुढे थायमसच्या आद्याक्षरावरून टी पेशी नाव पडलं.

सूक्ष्मदर्शकाखाली ही पेशी अगदीच निरस दिसते हो. गोल, जांभळं केंद्रक जवळजवळ सगळी जागा खाऊन बसलेलं, भोवती निळसर काठ, संपलं. टी पेशी आणि प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं, बनवणाऱ्या बी पेशी शेजारी ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांनी कुणी ओळखून दाखवाव्यात! फरक असतो तो अंगावरच्या ग्राहकांत, म्हणजे समोरचं ओळखून धरणाऱ्या रेणूंत.

हे ग्राहक कसे होतात, ती तर मोठी गंमत आहे. टी पेशीची पूर्वज पेशी अस्थिमज्जेत जन्मते आणि रक्तातून थायमसमध्ये येते. तिथे ती आपल्या जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसते, काही कापते, काही जोडते, आणि जो डाव हाती येतो त्यातून तिचा ग्राहक बनतो. सुसुमु तोनेगावा यांनी हाच प्रकार प्रतिपिंडांच्या बाबतीत दाखवला आणि त्यांना 1987 चं नोबेल मिळालं. पुढच्या वर्षी कुठला विषाणू येणार ते शरीराला ठाऊक नसतं. म्हणून ते आंधळेपणाने लाखो तऱ्हेच्या चाव्या घडवून ठेवतं, एखादी कधीतरी कुठेतरी लागेल या भरवशावर.

आंधळेपणाने घडवलं की दोन प्रकारचा माल हमखास निघतो. काही अगदी निकामी, काही घातकी. इथे मला आमच्या घरचं तांदूळ निवडणं आठवतं. आधी सुपात पाखडायचे, फोल उडून जातं. मग ताटात पसरून बोटाने खडे वेचायचे. थायमसमध्ये नेमकं याच क्रमाने चालतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका टोपलीच्या वर मूठभर वानगी मांडून बसतात ना, तशी शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेर मांडून बसलेली असते. ज्यात ते तुकडे मांडतात त्या रेणूला एमएचसी म्हणतात, आपण त्याला टोपली म्हणू. टी पेशीला आख्खा जंतू दिसतच नाही. तिला दिसते ती टोपलीतली वानगी, आणि टोपलीही आपल्याच घरची लागते. हे 1974 मध्ये कॅनबेरात पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवर दाखवून दिलं. नोबेल यायला 1996 उजाडलं.

तर पहिलं पाखडणं थायमसच्या बाहेरच्या भागात. ज्या पेशीला घरच्या टोपलीची ओळखच पटत नाही, ती फोल. तिला कुणी मारत नाही, पण जगण्याचा इशारा न मिळाल्याने ती आपोआप मरते. दुसरं निवडणं आतल्या भागात. घरच्याच वानगीला जी पेशी कडकडून चिकटते, ती खडा. ती बाहेर गेली तर स्वतःच्याच अंगावर उठेल, म्हणून तिला मरायचा हुकूम होतो. आता कुणी विचारेल, छातीतल्या ग्रंथीत स्वादुपिंडाची वानगी कुठून येणार? थायमसच्या आतल्या भागातल्या काही पेशींत एअर नावाचं जनुक चालू असतं. त्याच्या जोरावर या पेशी इन्सुलिन बनवतात, डोळ्यातली प्रथिनं बनवतात. त्यांना स्वतःला त्यांचा काडीचा उपयोग नसतो, केवळ ओळख करून देण्यासाठी हा खटाटोप. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते.

शंभर पेशी आत गेल्या तर दोन-चार जिवंत बाहेर पडतात. शंभर दाण्यांतले शहाण्णव फेकणारी सून आमच्या आजीने घरात ठेवली नसती.

बाहेर पडलेली टी पेशी निवडलेली असते, पण अजून कुणाशी भिडलेली नसते. रक्तातून लसिका गाठीत, म्हणजे अवधाण येतं तसल्या गाठीत, तिथे काही तास, मग पुन्हा रक्तात, असा तिचा फेरा वर्षानुवर्षं चालतो. अशा गाठी अंगभर शेकड्यांनी आहेत, मानेत, काखेत, जांघेत. कालवावरचे जंतू टाचेत शिरले तेव्हा त्यांना ओळखू शकेल अशी टी पेशी माझ्या अंगात लाखात एखादी असेल, आणि ती त्या क्षणी कुठे भटकत असेल देव जाणे. तिने टाच शोधत फिरायचं म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून टाचेतली बातमीच तिच्याकडे नेतात.

नेणारीचं नाव डेन्ड्रायटिक पेशी, फांद्या फुटल्यासारखी दिसते म्हणून. राल्फ स्टाइनमन यांनी ती 1973 मध्ये ओळखून काढली. 2011 चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते तीन दिवसांपूर्वीच वारले होते. निवड समितीला पत्ता नव्हता, आणि मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरी तो सन्मान तसाच ठेवला. ही पेशी टाचेच्या कातडीत टपून असते. जंतू दिसला की तो गिळते, त्याचे तुकडे टोपलीत मांडते आणि लसिकेच्या, म्हणजे पेशींमधून झिरपून वाहणाऱ्या पातळ द्रवाच्या, प्रवाहाबरोबर जांघेतल्या गाठीत येऊन बसते. पायाचं सगळं तिथंच जातं, ते असं.

गाठीत तासाला शेकडो टी पेशी तिला घासून जातात. बहुतेक निघून जातात, एखादी थबकते. चावी लागली! पण एवढ्यावर काम होत नाही. आमच्या गावच्या देवळात फंडपेटीला दोन कुलपं होती, एक चावी अध्यक्षांकडे, दुसरी खजिनदाराकडे, दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. टी पेशीचंही तसंच. वानगी पटली ही पहिली चावी. दुसरी डेन्ड्रायटिक पेशीकडे असते, बी-सात नावाचा रेणू, आणि खरोखर जंतूची किंवा इजेची चाहूल लागली तरच ती तो पुरेसा बाहेर काढते. टी पेशीच्या अंगावरचा सीडी-28 त्याला भेटला की काम फत्ते. दुसरी चावी आलीच नाही तर? देवळात फार तर परत जावं लागेल. इथे मात्र उपमा तोकडी पडते, कारण एकटीच चावी फिरवणारी टी पेशी बधिर होऊन बसते, नंतर बोलावलं तरी उठत नाही. नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर लस नीट का लागत नाही, याचंही कारण हेच. म्हणून अनेक लसींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घालतात, आपल्या तुरटीच्याच कुळातले. त्यांनी थोडी खळबळ माजते आणि दुसरी चावी बाहेर निघते.

दोन्ही चाव्या लागल्या की गाठीतून बाहेर पडायची वाट काही काळ बंद होते. पेशी आत येत राहतात, जात नाहीत. निवडलेली टी पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढत सुटते, दिवसाला दोन-तीन वेळा, चार-पाच दिवस. हिशेब करा, एकीच्या हजारो होतात. मी किंचाळले ती याच गर्दीवर बोट पडल्यामुळे.

या वाढलेल्या पेशींत काही मारेकरी असतात. विषाणू शिरलेल्या पेशीला त्या भोक पाडतात आणि आत्महत्या करायला लावतात. बाकीच्या मदतनीस, अंगावर सीडी-4 हा रेणू मिरवणाऱ्या. कोणी काय करायचं ते मुख्यतः याच सांगतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका या सीडी-4 ला धरून आत शिरतो. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी एरवी पाचशेच्या वर असतात, दोनशेच्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. आपल्या गोव्याला हा आकडा नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही. 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदान करणाऱ्या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही सापडला, आणि तेव्हाच्या आरोग्य कायद्याच्या आधाराने पोलिसांनी त्याला उचलून म्हापशात एकटं कोंडून ठेवलं, दोन महिन्यांहून अधिक. टी पेशी आपल्या-परक्याची पारख करते म्हणून आपण तिचं कौतुक करतो. त्या वर्षी आपली स्वतःची पारख कशी होती, ते ज्यांनी तेव्हाची वर्तमानपत्रं वाचलीत त्यांना आठवत असेल. 1992 मध्ये तो गेला.

थायमसच्या निवडीतूनही काही खडे सुटतात. त्यांना बाहेर आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात, हे जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवलं. त्यांना आणि मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल यांना 2025 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

अवधाण आठवड्याभरात बसलं. वाढलेल्या पेशींतल्या बहुतेक मेल्या, थोड्या उरल्या. या उरलेल्यांचं काम डोळ्यांनी बघायचं तर मांटू चाचणी बघावी. क्षयाच्या जंतूच्या प्रथिनाचा एक थेंब हाताच्या कातडीत टोचायचा आणि दोन-तीन दिवसांनी फूग मोजायची. लाली मोजायची नाही, बोटाला लागणारा कडकपणा मोजायचा. मी बॉलपेनने त्वचेवर रेघ ओढत आणायची. कडेला पेन अडलं की तिथे खूण, समोरून तसंच, मग मधलं अंतर पट्टीने. ज्याच्या शरीराची त्या जंतूशी किंवा त्याच्या भाऊबंदांशी आधी गाठ पडलेली असते त्यालाच ही फूग येते. त्यावरून आजार आहे असं मात्र ठरत नाही.

एकदा एक वयस्क पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, सोमवारी टोचून गेला. भट्टीपुढे उभं राहून हात भाजलेले, टोचायला जागा शोधावी लागली होती. मंगळवारी रस्त्यात भेटला तर बाही सरकवून म्हणाला, "बाय, कांयच ना." बुधवारी दारात उभा राहिला तो धास्तावलेला. चौदा मिलिमीटर. मी त्याला बसवलं, आता छातीचा फोटो काढायचा, एवढ्यावरून घाबरायचं नाही, असं समजावलं. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो हाताकडेच बघत होता.

"मग काल ती कुठे होती?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "वाटेत."