येत होतं, तरी चुकलं! नीटमधला 5 गुणांचा खड्डा

नमस्कार! वाळपईची रविवारची शिकवणी आत्ताच सुटली. मागे फळ्यावर हृदय तसंच आहे, पुसू नका म्हटलं मुलांना. आज त्याचंच काम आहे.

नवीन कोणी असाल तर, मी गोव्यात बांबोळीला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टी असली की कदंबा बस पकडते आणि इथे येऊन नीटच्या मुलांचं जीवशास्त्र घेते. आज सराव पेपर परत दिला. एका मुलीनं पान उलटलं आणि कपाळावर हात मारला, "ताई, हें म्हाका येतालें!" म्हणजे, मला हे येत होतं!

हे वाक्य मी दर रविवारी ऐकते. तर आधी हिशेब बघू. नीटला 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर आलं तर 4 मिळतात, चुकलं तर 1 जातो. म्हणजे येणारा प्रश्न चुकला की खड्डा 5 गुणांचा.

मग घरचे सांगतात, "माहीत नसेल तर ठोकू नकोस." पण चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरी एक लागतो. 4 आले, 3 गेले, वर 1 उरला. दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर दोन प्रश्नांमागे 3 गुण उरतात. म्हणजे ठोकणं एवढं वाईट नाहीच! (चार प्रश्नांत एकही लागला नाही असं खूपदा होतं, हेही तेवढंच खरं. मला शिव्या देऊ नका.)

खरा घोळ अर्धवट माहितीचा. चुकीचे पर्याय कोणी उगाच लिहीत नाही. मुलं नेमकी कुठे घसरतात ते ओळखूनच ते बेतलेले असतात.

आता फळा बघा. प्रश्न होता, फुप्फुस धमनीतून कोणतं रक्त वाहतं? आपण सगळे शाळेत घोकलंय, धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. तिनं 'ऑक्सिजनयुक्त'वर गोळा काळा केला. पेनानं केलेला, आता खोडता येत नाही.

हसू नका. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावर सरांनी हृदय हातात देऊन मला हेच विचारलं होतं. नीट पास होऊन आलेली मी, ऐटीत म्हणाले, "शुद्ध." सर काही बोलले नाहीत. "दोन्ही नळ्या चिमटीत धर," एवढंच म्हणाले. महाधमनी जाड, रबरासारखी. फुप्फुस धमनी तिच्या पुढ्यातून निघते, पण चिमटीत पातळ लागते. महाधमनीला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त ढकलायचं असतं, हिला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच. दाब कमी, म्हणून भिंत पातळ. आणि फुप्फुसाकडे रक्त जातंच मुळी ऑक्सिजन आणायला, मग जाताना तो भरलेला कसा असेल?

हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. नाव दिशेवरून पडलंय, रक्तावरून नाही. बाळाच्या नाळेतल्या धमन्यांनाही हेच लागू. 'शुद्ध-अशुद्ध' हे शब्द तर वहीतून काढूनच टाका. त्या रक्तात मळ नसतो हो, ऑक्सिजन कमी असतो, बस्स.

घरी एक करा. प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर एक अक्षर लिहा. ठोकलं तर 'ठ'. 'चुकीचे विधान ओळखा' असताना बरोबर विधान शोधत बसलात तर घाईचा 'घ'. माझा पहिला प्रयत्न या 'घ'नंच खाल्ला. आणि अर्धवट माहीत होतं तर 'अ'. 'येत होतं' असं लिहायचं नाही!

त्या मुलीच्या जीवशास्त्रातल्या 11 चुकांपैकी 'ठ' 2, 'घ' 3 आणि 'अ' 6 निघाल्या. तिला वाटत होतं, सगळी घाईच आहे.

सहातली एक आज झाली. उरलेल्या पाच पुढच्या रविवारी, सुरुवात मूत्रपिंडापासून. थांबा, हॉर्न वाजला... माझी बस!