उशीर नेमका कुठे होतो?

श्रोतेहो, नमस्कार.

विमानतळावर सतत कानावर पडणारं आणि तरीही कुणाचा विश्वास न बसणारं एक वाक्य आहे : ‘येणारं विमान उशिरा आल्यामुळे आपल्या उड्डाणाला विलंब होत आहे.’ आपल्याला ती सबब वाटते. बहुतेक वेळा ती सबब नसते. उशिराच्या कारणांना जगभरातल्या विमान कंपन्या ठरावीक क्रमांक देतात, आणि मागच्या फेरीमुळे झालेल्या उशिराचा क्रमांक आहे ९३. छोट्या पल्ल्याचं विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी दुसऱ्या फेरीत हातची गेलेली वीस मिनिटं रात्रीपर्यंत भरून निघणं कठीण असतं.

मग दोन फेऱ्यांच्या मध्ये ऐसपैस वेळ का ठेवत नाहीत? कारण उभं विमान कमावत नाही, त्याचे हप्ते किंवा भाडं मात्र चालूच राहतं. आणि हो, अंगावर कंपनीचं नाव रंगवलेलं असलं तरी विमान तिच्या मालकीचं असेलच असं नाही. बरीचशी भाडेकरारावर घेतलेली असतात. १९७२ साली अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सकडे चार बोइंग ७३७ होती. पैशांची ओढाताण झाली तेव्हा त्यांनी एक विकलं, पण वेळापत्रक चार विमानांचंच ठेवलं. ते जमवायचं तर उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा निघायला हवं होतं. त्यांनी ते करून दाखवलं. स्वस्त तिकिटांच्या धंद्याचा पाया तिथे पडला, असं मी म्हणेन.

आज अशा कंपन्या साधारण पंचवीस-तीस मिनिटं देतात. तेवढ्यात काय काय उरकतं ते कधी काचेतून बघा. चाकांना ठोकळे लागतात, जमिनीवरून वीज जोडली जाते, पोटातलं सामान उतरू लागतं. इंधनाचा पाइप पंखाखाली, खाण्याची गाडी दाराशी, आत सफाई. एक वैमानिक खाली उतरून टायर, इंजिनाची पाती डोळ्यांखालून घालत विमानाभोवती फेरी मारतो. हे सगळं सुरळीत झालं, आणि एक प्रवासी आलाच नाही, तर? त्याची बॅग चढलेली असेल तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात ती उतरवावीच लागते. मालक नाही आणि बॅग आहे, हे सुरक्षेला चालत नाही. शे-दीडशे बॅगांतून ती एक शोधायची. दुकानात परफ्यूम बघत रेंगाळलेल्या एका माणसामुळे विमानाची रांगेतली पाळी जाते.

गंमत अशी, की तो रेंगाळावा ही विमानतळाची इच्छा असते. विमान कंपनी आणि विमानतळ हे दोन वेगळे धंदे आहेत. विमानतळाला उतरण्याचं आणि उभं राहण्याचं शुल्क मिळतं, पण दुकानं, पार्किंग, जाहिराती यांतलं उत्पन्नही मोठं असतं. १९४७ साली आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर पहिलं करमुक्त दुकान निघालं. आज अनेक ठिकाणी सुरक्षा तपासणी संपली की वाटच दुकानातून जाते. ती वाट मुद्दाम तशी आखलेली असते.

गर्दीच्या विमानतळांवर तर वेळच विकली जाते. उतरण्याच्या-निघण्याच्या ठरलेल्या वेळेला स्लॉट म्हणतात. हंगामात ८० टक्के वापरला तर पुढच्या वर्षी तो तुमचाच, नाहीतर गेला. लंडनच्या हिथ्रोवर धावपट्ट्या दोनच. तिथल्या स्लॉटच्या एका जोडीसाठी, म्हणजे एक उतरण्याचा आणि एक निघण्याचा, ओमान एअरने २०१६ मध्ये सुमारे साडेसात कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. आणि २०२०च्या सुरुवातीला, कोरोनामुळे प्रवासी आटले असताना, युरोपात काही विमानं जवळपास रिकामी उडाली, ती स्लॉट टिकवायला. शेवटी त्या मार्चमध्ये नियमच शिथिल करावा लागला.

माझ्या मते या धंद्यातली सर्वांत नाजूक गोष्ट मात्र विमान नाही, कर्मचारी आहेत. वैमानिकाच्या ड्यूटीच्या तासांना कायद्याची मर्यादा असते; ती संपली की प्रवासी बसलेले असोत, तो उडवू शकत नाही. केबिनमध्ये साधारण ५० आसनांमागे एक कर्मचारी लागतो. २०२२ मध्ये ब्रिटनच्या इझीजेट कंपनीने काही विमानांतली शेवटची रांगच काढली, म्हणजे दीडशे आसनांवर तिघांत भागेल. कंपन्या राखीव माणसं ठेवतात, पण फार माणसं बसवून पगार देणं परवडत नाही. आणि माणसं हवी तिथे नसली की काय होतं? एकेकाळी दहा मिनिटांत विमान फिरवणाऱ्या त्याच साउथवेस्टची डिसेंबर २०२२ मध्ये बर्फाच्या वादळात घडी विस्कटली. इतरांची विमानं दोन-तीन दिवसांत सुरू झाली. यांना मात्र आपलाच क्रू कुठे आहे ते कळेना, कारण वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर इतके बदल पेलू शकलं नाही. वैमानिक फोन धरून ताटकळत बसले. जवळपास १७ हजार उड्डाणं रद्द झाली.

एक तोडगा कंपन्यांनी शोधलाय : प्रवासाची छापील वेळच फुगवायची. म्हणून हल्ली विमान पंधरा मिनिटं आधी उतरतं, आणि कॅप्टन ते अभिमानाने सांगतो. त्यानंतर आपण धावपट्टीच्या कडेला थांबून राहतो, कारण आपल्या जागेवरचं विमान अजून हललेलं नसतं. प्रवास अगदीच महत्त्वाचा असेल, तर सकाळचं पहिलं विमान घ्या. ते रात्रभर तिथेच उभं असतं. ९३ क्रमांकाची भानगड त्याला सहसा लागत नाही.

नमस्कार.