ऑइल वाढलं की आनंद मानू नका

मंडळी, आधी ही बाटली बघा. मागच्या रांगेत दिसावी म्हणून वर धरतो. लोणच्याची काचेची बाटली आहे, आणि आत परवा एका जुन्या शंभर सीसीच्या मोटरसायकलच्या इंजिनातून काढलेलं ऑइल आहे. रंग काळा, पण हलवलं की पाण्यासारखं हिंदकळतं, काचेवर थर धरत नाही. मालक मला कौतुकानं सांगत होते, "दोन महिने झाले, गाडी ऑइल खात नाही. उलट डिपस्टिकवर वरच्या खुणेच्याही वर दिसतं." डिपस्टिक म्हणजे ऑइलची पातळी मोजायची कांडी.

ऑइल कमी झालं की आपण धास्तावतो. वाढलं की निर्धास्त होतो, आणि नेमकी इथंच इंजिनं जातात. इंजिनात ऑइल तयार होत नाही. पातळी वाढली म्हणजे बाहेरून काहीतरी आत आलं. हवेनं थंड होणाऱ्या, म्हणजे एअर कूल्ड इंजिनात कूलंट नसतं, म्हणून संशयित दोनच: पेट्रोल आणि पाणी.

या बाटलीत पेट्रोल आहे. गाडी रात्री उभी करताना पेट्रोल कॉक बंद केलेला नव्हता. कार्बुरेटर भरला की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची नीडल झिजली होती, ती भोक नीट बंद करेना. जादाचं पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर सांडलं असतं तर वासानं कळलं असतं, पण नळी मातीनं तुंबलेली. या गाडीत कार्बुरेटर इंजिनाच्या हेडच्या वर बसतो. मग पेट्रोल उतारानं इनटेकमध्ये, उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये. पातळ झालेल्या ऑइलचा थर टिकत नाही. कॅम आणि बेअरिंग लोखंडावर लोखंड घासतात. अशी शंका आली तर किक मारू नका. आधी वास घ्या.

पाण्याची गोष्ट वेगळी. पाणी ऑइलमध्ये विरघळत नाही, घुसळलं की दुधाच्या चहासारखं होतं. पण झाकणाच्या आतल्या बाजूला नुसती साय दिसली म्हणून घाबरू नका. सदाशिव पेठेतून मंडईत आणि परत, एवढंच रोज फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ पाणी होऊन झाकणाला धरते. खडकवासल्यापर्यंत एक फेरी मारा, झाकण पुसा, पुन्हा बघा. डिपस्टिकवरचंच ऑइल दुधाळ असेल तर मात्र ते काढायलाच हवं.

2024 च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी चालू न करता रात्रभर डबल स्टँडवर उभी ठेवा. पाणी जड, ते तळाशी बसतं. सकाळी ड्रेन नट हळूच सैल केला की आधी पाणी येतं, मागून ऑइल. एकदा इंजिन फिरवलं की दोन्ही घुसळली जातात आणि मग दोन-तीनदा ऑइल बदलल्याशिवाय सुटका नाही.

पेट्रोलचा वास येत नसेल, तरच पुढची परीक्षा: तापलेल्या जुन्या तव्यावर एक थेंब. तडतडला तर पाणी आहे. वास येत असेल तर विस्तवाजवळ जायचंच नाही. हा क्रम कधी उलटा करू नका.

काळ्या रंगाचं म्हणाल तर काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. मला चमक जास्त सतावते. ऑइल उन्हात धरा, चुंबक फिरवा. चिकटलं तर लोखंड. सोनेरी कण असतील तर कुठलंतरी बुश गेलंय, ते चुंबकाला दाद देत नाहीत.

जुन्या टू-स्ट्रोक येझदी-राजदूतवाल्यांनी हे सगळं फक्त गिअरबॉक्सच्या ऑइलला लावावं. तुमच्या इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं.

माझी कळकळीची विनंती एवढीच, की मेकॅनिकला "जुनं ऑइल ओतून टाका" म्हणू नका. पाव लिटर बाटलीत मागून घ्या. परवाच्या गाडीचं ऑइल त्याआधी एकदा बदललं होतं, पण काढलेलं कुणी पाहिलंच नाही. नीडल तशीच राहिली आणि नवं ऑइलही पातळ झालं. आता नीडल आणि ती जिथं टेकते ती तिची सीट बदललीय, नळी साफ केलीय, आणि मालक रोज सकाळी डिपस्टिक बघतात.

ही बाटली आता तुमच्यातून फिरवतो. झाकण उघडून वास घ्या, पण खिशातली काडेपेटी खिशातच राहू द्या.