ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव

(दृश्य: जुन्या वहीचं पान, निळ्या शाईतली वंशावळ)

आमच्या घरची वंशावळ दोनशे पानी वहीच्या मधल्या पानावर आहे. वरून तिसऱ्या पिढीत चार भाऊ आहेत. आण्णा, आप्पा, तात्या आणि बाळू. पुढं नाव नाही, साल नाही. लिहिणाऱ्याला ही माणसं रोज दिसत होती, त्यामुळं त्याला शंका यायचं कारण नव्हतं. मला आली. बेळगावच्या आसपास कुठल्याही गावात चावडीपाशी उभं राहून ‘आण्णा’ अशी हाक मारा, चार दारांतून ‘ओ’ येईल.

खरी नावं विचारायला मी आजीकडं गेले. आधी आजोबांचंच विचारलं. आजी म्हणाली, ‘मी कसं घिऊ गे त्यांचं नाव?’ आजोबा जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी जीभ वळेना. शेवटी मला सुचलं. म्हटलं, लग्नात घेतलेला उखाणा आठवतोय? तिनं पदर सारखा केला आणि एका दमात म्हणून टाकला. पहिल्या ओळीत राजहंसगड होता, दुसऱ्या ओळीत आजोबा, पूर्ण नावानिशी, पुढं ‘राव’ लावून. नाव घ्यायची परवानगी असलेली तेवढीच जागा तिच्या आयुष्यात होती. त्या दिवसापासून मी म्हाताऱ्या बायकांना नवऱ्याचं नाव विचारत नाही, उखाणा विचारते.

(दृश्य: सोप्यातला पाळणा, वर टांगलेलं चिमण्यांचं खेळणं)

टोपणनावं एवढी का साचली, याचं मूळही इथंच आहे. नातवाला आजोबाचं किंवा पणजोबाचं नाव ठेवायची रीत. आता तेच सासऱ्याचं नाव. सून ते तोंडात कसं घेणार? आणि पोरगं चिखलात लोळून आलं, तर त्याच नावानं त्याच्या पाठीत धपाटा कसा घालणार? मग पाळण्यातलं नाव पाळण्यातच राही आणि पोराचा बाळ, बंडू नाहीतर आप्पा होई. लोकमान्य टिळकांचं नाव केशव, त्यांच्या पणजोबांचं. घरात हाक ‘बाळ’ अशीच होती आणि तीच इतकी पक्की झाली की इतिहासानं बाळ गंगाधर टिळक असंच लिहिलं. एप्रिल १९१६ मध्ये आमच्या बेळगावात त्यांनी होमरूल लीग स्थापन केली, ती त्या घरातल्या हाकेनंच ओळखले जाणारे पुढारी म्हणून. तात्या टोपे यांचंही तेच. मूळ नाव रामचंद्र पांडुरंग.

आमच्या भागात गुंता आणखी वाढतो, कारण हाका दोन भाषांतून येतात. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अप्पा म्हणजे बाप, अक्का म्हणजे थोरली बहीण. मराठी घरात मात्र ‘आण्णा’ बापही असतो, चुलताही असतो आणि शेजारचा वाणीही. एखाद्या जुन्या पत्रात ‘आण्णा वारले’ असं दिसलं, तर भाऊ गेला की बाप, हे पत्र कुणी लिहिलं आणि त्या घरात काय बोलत होते, हे कळल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून वहीत टोपणनावाशेजारी मी एक रकाना आखलाय: ‘कोण म्हणायचं?’ तात्या कुणाचे तात्या होते, हे कळलं की निम्मं काम होतं.

खऱ्या नावानंही प्रश्न सुटतोच असं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झालेला यल्लाप्पा, तिच्या लेकाच्या नावाचा परशराम, रवळनाथाचा रवळू, वैजनाथाचा वैजू. अशी तीन-चार नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतात आणि एकाच भावकीत पाच यल्लाप्पा निघतात. मग विहिरीकडचा यल्लाप्पा, वाड्यातला यल्लाप्पा. उताऱ्यावर विहीर येत नाही, वाडा येत नाही. तलाठ्याला दोघे सारखेच.

(दृश्य: शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड)

काही नावांपाशी मात्र मला थांबावं लागतं. धोंडू. दगडू. केरबा. मुलं जगत नसली की पुढच्याला असं नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर जाणार नाही. दगड कोण उचलून नेणार? कन्नड नावांतही हेच सापडतं. तिप्पे म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पाण्णा. कल्लू म्हणजे दगड. कल्लाप्पा हे नाव कधी कलमेश्वरावरून येतं, पण कधी त्याच्यामागं हा दगडही असतो. वंशावळीत असं नाव दिसलं की त्याच्या आधी दोन-तीन रिकाम्या जागा सोडायला मी शिकले. ती लेकरं कुठंच लिहिलेली नाहीत. त्यांची खूण एवढीच, की धाकट्या भावाचं नाव धोंडू आहे.

मुलींच्या वाट्याला याहून वाईट आलं. नकुशा, म्हणजे नकोशी. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली गेली. चांगलं झालं.

(दृश्य: तीन कागद एका टेबलावर: मोडी, बाळबोध म्हणजे देवनागरी, कन्नड)

आता कागदांकडं येऊ. पणजोबांच्या काळचे दस्त मोडीत आहेत आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. सोयरीक थांबली नाही, भावकी तुटली नाही. पण एका भावाचा उतारा मराठीत आणि दुसऱ्याचा कन्नडमध्ये असं झालं. एकच नाव मोडीतून बाळबोधीत, तिथून कन्नडमध्ये, तिथून इंग्रजीत गेलं आणि प्रत्येक मुक्कामाला थोडं थोडं झिजलं. आज नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कचेरीत, वंशवृक्षाचा दाखला काढायला गेलेल्या माणसाला दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, तेव्हा ‘उर्फ’ या अडीच अक्षरांची किंमत कळते. ज्या आज्यानं ‘उर्फ’ लिहून ठेवलं, त्याचे नातू सुटले.

कागद हरवले, तर आधार हेळव्यांचा. सुगी झाली की बैलावर बसून येणारी ही माणसं लिंगायत, धनगर, मराठा अशा कितीतरी घराण्यांच्या पिढ्या म्हणून दाखवतात. लहानपणी आम्ही त्यांचा बैल बघायला धावत होतो. माणूस काय म्हणतोय ते ऐकायला हवं होतं.

(दृश्य: पितळी ताटात तांदूळ, त्यावर अंगठीनं ओढलेली रेघ)

आजीचं सांगायचं राहिलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात आणि माहेरचं नाव तिथं संपतं. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. त्यांची दोन्ही नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांचं आयुष्य कुणीतरी लिहिलं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क आला, तेव्हा घरोघर आत्यांची माहेरची नावं शोधायची वेळ आली.

आजीकडून मी चार पिढ्यांतल्या पुरुषांची नावं काढून घेतली. तिचं स्वतःचं माहेरचं नाव विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. ती गेल्यावर मी चंदगड तालुक्यातल्या तिच्या गावी गेले. तिचा धाकटा भाऊ भेटला. म्हणाला, ‘आम्ही बायाक्काच म्हणत होतो. खरं नाव आईला ठाऊक.’

मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींनी बोट ठेवून वाचून दाखवली. तारीख बरोबर होती, गाव बरोबर होतं, बापाचं नाव बरोबर होतं. पुढच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं, ‘मुलगी’.