६१७४ची वजाबाकी

कागद-पेन असेल त्यांनी १९०५ लिहा. गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं जन्मवर्ष. अंक उतरत्या क्रमाने लावा, ९५१०. चढत्या क्रमाने, ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा, ९३५१. पुन्हा तेच करत राहा: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. आता ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च. गाडी पुढे हलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत इथेच येते. मधे शून्य पुढे आलं तर ते गाळायचं नाही, एवढंच. १९०५ला सातही लागल्या. कापरेकरांनी हे मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं १९४९ साली, आणि १९४९लाही सातच लागतात. यावरून कुणी कृपया पत्रिका मांडू नका.

माझं दुखणं असं की हे पुष्कळांना माहीत असतं आणि सगळे इथेच थांबतात. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मला बोलावलं होतं. निवेदिका म्हणाल्या, "आता पाहू या गणिताची जादू!" माझ्या आधी खराखुरा जादूगार होऊन गेला होता. त्याने कबुतर काढलं, मी ६१७४ काढला. टाळ्या कुणाला जास्त पडल्या ते सांगायला नको. पण एका मुलीने हात वर केला, "सर, असं का होतं?" मी खडू उचलतोय तोच मुख्याध्यापक कानाशी लागले, "ते राहू द्या सर, वडे गार होतायत." अख्ख्या सभागृहातून एकच खरा प्रश्न आला, तोही बटाटेवड्याने मारला!

कापरेकरांच्या वाट्याला तरी वेगळं काय आलं? १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर, पदव्युत्तर पदवी नाही. 'करमणुकीचं गणित' म्हणून इथे बरेच जण हसले. १९७५ला गणिताच्या गमती लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. त्यांनी शोधलेल्या आणखी एका प्रकारच्या संख्यांना, डेम्लो संख्यांना, तर एका रेल्वे स्टेशनाचं नाव आहे. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. डोंबिवलीकर हसले बघा! आता लोकलमध्ये उभं राहायला जागा नाही, संख्या कुठून सुचणार?

आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत. म्हणजे जे सांगायला आलो ते आता पळवत सांगतो.

उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ. वजाबाकी केली की उरतं ९९९ गुणिले (क−घ) अधिक ९० गुणिले (ख−ग). बस्स. मूळ संख्या विसरा, फक्त दोन फरक उरले. पहिला १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्यापर्यंत. जोड्या होतात ५४. हजारो संख्या, आणि पहिल्याच वजाबाकीनंतर उत्तरं अवघी ५४! ती एका पानावर मांडून एकेक तपासली की झालं. ६१७४चे फरक ६ आणि २. ५९९४ अधिक १८०, पुन्हा ६१७४. आठवीतल्या मुलाला जमेल एवढंच बीजगणित आहे हे.

पाच अंकींना असं मुक्कामाचं ठिकाणच नाही, त्या फेऱ्यांत अडकतात. तीन अंकी मात्र ४९५वर थांबतात. त्यांचं सूत्र ९९ गुणिले (क−ग), मधला अंक उडूनच जातो, त्यामुळे तपासायला उत्तरं फक्त नऊ. तेवढी चहाच्या रांगेत उभं राहून होतील.