माठ, विरजण आणि उणे १६२ अंश

"तुमच्या जहाजावर फ्रीज केवढा असतो हो?" गॅसच्या जहाजांवर इंजिनिअर होतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. मघाशी चहाच्या वेळी अध्यक्षांनीही विचारला. उत्तर असं की भाजी-मटणापुरता असतो, तेवढाच. आमचा माल म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, एलएनजी. तो थंड ठेवणारं यंत्र मी काम केलेल्या एकाही जहाजावर नव्हतं. कतारच्या क्यू-मॅक्स जहाजांवर उडालेल्या वायूचं पुन्हा द्रव करणारं यंत्र असतं, पण त्या जहाजांचा थाटच वेगळा. एकेकात २,६६,००० घनमीटर माल मावतो.

आधी एक गोंधळ मिटवतो. घरच्या सिलिंडरमधला गॅस वेगळा. तो प्रोपेन-ब्युटेन, दाब दिला की मुकाट द्रव होतो. आमच्या मालात मुख्यतः मिथेन, तो तसा ऐकत नाही. तो उणे ८२ अंशांपेक्षा गरम असेल तर कितीही दाबा, द्रव होणारच नाही. म्हणून त्याला उणे १६२ पर्यंत थंड करतात. मग साध्या हवेच्या दाबालाच तो पाण्यासारखा टाकीत राहतो आणि सहाशे खोल्यांतला वायू एका खोलीत मावतो. हे गारठवण्याचं काम किनाऱ्यावरच्या प्रचंड कारखान्यात होतं. जहाजानं तो गारठा फक्त सांभाळायचा.

कसा? आपल्या माठासारखा. माठातलं थोडं पाणी पाझरून उडतं आणि जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. टाकीला कितीही जाड आवरण घाला, बाहेरची ऊब थोडी आत शिरतेच. तिनं थोडा द्रव उकळतो, वायू होऊन निघून जातो आणि बाकीचा माल थंडगार राहतो. १,३८,००० घनमीटरच्या जुन्या जहाजात रोज साधारण ०.१५ टक्के माल असा उडायचा. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब करा: रोज दोनशे घनमीटर. उन्हाळ्यात सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा, तसे वीस!

हा वायू हवेत सोडणं म्हणजे पैसाही गेला आणि धोकाही आला. म्हणून तो बॉयलरमध्ये जाळायचा, वाफ करायची, त्यावर जहाज चालवायचं. बाकी जगानं वाफेची इंजिनं मोडीत काढून डिझेल धरलं, तरी गॅसची जहाजं २००० नंतरही वाफेवरच धावत होती, ती याचसाठी. २००४ च्या जानेवारीत गुजरातमधल्या दहेजला देशातला पहिला माल घेऊन आलेलं 'दिशा' हे जहाजसुद्धा वाफेचंच. आता वायू आणि तेल दोन्ही पचवणारी इंजिनं आली. चांगलंच झालं, खर्च कमी होतो. पण वाफेवर फिरणाऱ्या टर्बाइनची ती शांत, एकसुरी घरघर ज्यानं ऐकलीय त्याला डिझेलचा खडखडाट जन्मभर सलतो.

आता टाकी. १९५९ साली 'मिथेन पायोनियर' या जहाजानं लुइझियानातून इंग्लंडच्या कॅन्व्ही बेटावर पहिल्यांदा हा माल नेला, तो जेमतेम ५,००० घनमीटर. युद्धकाळातलं मालवाहू जहाज बदलून घेतलेलं, आत अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या आणि भोवती बाल्सा लाकूड. पुढे नॉर्वेजियनांनी गोल टाक्या काढल्या. डेकवर ओळीनं घुमट दिसतात ती जहाजं. आणि फ्रेंचांनी काढलं ते मला आजही अजब वाटतं. टाकीच्या आतला पत्रा फक्त ०.७ मिलिमीटर! त्यात ३६ टक्के निकेल असतं, नाव इन्व्हार. थंडीनं तो जवळजवळ आकसतच नाही. वजन पेलायचं काम त्याचं नाहीच. ते त्याच्यामागच्या प्लायवूडच्या पेट्या आणि जहाजाची काया पेलते. पण हा पत्रा नाजूक प्रकृतीचा. घामानं गंजतो, म्हणून तो बसवणारे कारागीर हातमोजे घालूनच त्याला हात लावतात.

एवढे लाड कशाला, तर साधं पोलाद या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला किनाऱ्यावरची अशी एक टाकी फुटली. तिच्या पोलादात निकेल होतं, पण पुरेसं नव्हतं. आग लागली आणि सव्वाशेहून जास्त माणसं गेली. म्हणून माल भरता-उतरवताना आम्ही एक गोष्ट कधी विसरत नसू. जिथं किनाऱ्याचे पाइप जहाजाला जोडतात, तिथं जहाजाच्या कुशीवरून सतत समुद्राचं पाणी वाहतं ठेवायचं. चुकून द्रव सांडलाच तर त्यानं पोलादाला शिवू नये. वर पाइपांवर बोटभर पांढरा बर्फ चढलेला, खाली पाण्याचा पडदा, आणि मधे घामाघूम झालेले आम्ही. त्या पाण्याचा पंप आमच्या इंजिनरूमचा. तो बंद पडला तर डेकवरून येणाऱ्या शिव्या मराठीत सांगण्यासारख्या नाहीत.

तुमच्यातले बरेच जण गुहागरला जाता. अंजनवेलला खाली हा माल उतरवायचं दाभोळचं टर्मिनल दिसतं. ते २०१३ ला सुरू झालं, पण ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अपुरं असल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथं जहाज लागतच नसे. लोक म्हणायचे, एवढं अवाढव्य जहाज पावसाला घाबरतं? घाबरणारच. हा माल पाण्याच्या निम्म्याहूनही हलका. त्यामुळे भरलेलं जहाजसुद्धा पाण्यावर उंच उभं राहतं आणि वारा त्याला शिडासारखा धरतो. त्यात नैर्ऋत्येची लाट. जहाज डोलतंय आणि पाइप जोडलेले, अशा अवस्थेत जवळपास दिवसभर माल उतरवायचा? मी तरी कप्तानाला हो म्हटलं नसतं.

माल उतरवला तरी टाकी पूर्ण रिकामी करत नाहीत. तळाला थोडा द्रव ठेवतात, विरजणाला वाटीभर दही राखून ठेवावं तसा. परतीच्या वाटेवर तो उडत राहतो आणि टाकी थंड ठेवतो. एकदा हिशेब चुकला आणि आमचं विरजण वाटेतच संपलं. बंदरात पोचलो तेव्हा टाक्या तापलेल्या. मग धक्क्याला लागून, थोडा थोडा द्रव आत फवारत टाक्या गार करत बसलो. तापलेल्या टाकीत एकदम माल ओतता येत नाही. मागं दुसरं जहाज नांगर टाकून खोळंबलेलं आणि त्याचा कप्तान दर तासाला रेडिओवर विचारतोय, "झालं का?"