तानपुऱ्याला जागा द्या

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'मिक्सिंग कसं करतो', म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र कसे बसवतो, त्यावर येतोच, पण समोर बरीचशी सवाईला रात्री जागवलेली मंडळी दिसतायत म्हणून आधी मनातलं बोलून घेतो. रेकॉर्डिंगमधला तानपुरा आपण मारून टाकतोय.

मागे एका कंपनीचं ख्यालाचं काम आलं होतं. बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणारे, विलंबित एकताल, दोन तानपुरे, पेटी, तबला. मिक्स पाठवलं तर फोन आला, छान झालंय पण फिल्मी गाण्यासारखं लाऊड करून द्या. मी नाही म्हटलं, त्यांनी दुसरीकडून करून घेतलं. ती फाईल ऐकली आणि डोकंच फिरलं माझं. अख्ख्या मिक्सवर कंप्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारं यंत्र, इतका आवळलेला की डग्गा घुमला रे घुमला की बुवांचा आवाज दबायचा, आणि बुवा श्वासाला थांबले की मागचे तानपुरे एकदम फुगून वर यायचे, बुवांनी परत सा लावला की परत खाली. तानपुरा असा वरखाली झाला तर गाणाऱ्याने टेकायचं कशावर?

बरं, नॉइज रिडक्शनही मारलेलं. त्या सॉफ्टवेअरला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे खरखर, आणि तानपुरा तर एकसारखाच चालतो ना! जव्हारीत, म्हणजे तार घोडीला टेकते तिथे, दोरा सरकवून सरकवून जे काही वरचे स्वर मोकळे केलेले असतात, तो तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार वगैरे, सगळं पुसट. वर १०० हर्ट्झला लो-कट, म्हणजे त्याच्या खालचं सगळं कापलेलं. अहो, काळी एकचा सा साधारण १३९ हर्ट्झ, खर्ज, म्हणजे खालचा सा, त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. खर्जाच्या तारेचा पायाच काढून घेतला की! आणि हे सगळं करून मिळालं काय, तर स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणं माइनस १४ एलयूएफएसवर (हे गाणं एकूण किती मोठं वाटतं ते मोजायचं माप) आणतं, जास्त लाऊड असेल तर सरळ खाली ओढतं. म्हणजे गाणं चेपलं ते चेपलंच, आवाज वाढला नाही तो नाहीच. हे त्या लोकांना दहा वेळा सांगितलं असेल मी.

(संयोजक घड्याळ दाखवतायत, हो हो, आवरतो.)

तर माझी पद्धत, पटापट. आधी नुसते फेडर, म्हणजे प्रत्येक आवाज वरखाली करायच्या पट्ट्या, एकही प्लगइन, म्हणजे आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर, नाही. पहिले तानपुरे लावायचे, दोन असतील तर एक डावीकडे एक उजवीकडे, मग त्यावर गळा, मग तबला, पेटी सगळ्यात शेवटी कारण ती गळ्याच्याच फ्रिक्वेन्सीत भांडते, तिथे पेटीचं थोडं कापायचं, गळ्याचं वाढवायचं नाही. गळ्याला कंप्रेसर लागलाच तर दोन-तीन डेसिबलच दाबायचं, त्याआधी हाताने फेडर चालवून बघा, तान आली की जरा खाली, मंद्रात गेले की जरा वर. काम हळू आवाजात करायचं, पण डग्गा तिथे ठरवायचा नाही, कारण हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय, त्यामुळे डग्ग्यासाठी थोडा वेळ मोठ्याने ऐका. रिव्हर्ब, म्हणजे खोलीची घुमक, गाणं बैठकीतलं वाटेल इतपतच. मग मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र, करून मोबाईलच्या स्पीकरवर लावा, बुवा थांबले की तिथेही तानपुरा कळला पाहिजे. नाही कळला तर तानपुरा वाढवायच्या आधी पेटी खाली घ्या.

हं, प्रश्न घेऊया, मागच्या ताई, बोला.